शेवटचा ट्रे येईपर्यंत

माझ्या साडूंनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला एकट्याने हो म्हटलेलं नाही. स्वतःच्या लग्नालासुद्धा नाही. मुलगी बघून झाल्यावर कुठलाही मुलगा "आईबाबांशी बोलून कळवतो" असं म्हणतो. साडूंनी माझ्या सासऱ्यांना "शेजाऱ्यांशी बोलून कळवतो" असं सांगितलं, आणि वेंगुर्ल्याला परत जाऊन खरोखरच उजवीकडचे, डावीकडचे आणि परसापलीकडचे अशा तीन घरांची बैठक बोलावली. त्यांचा मुद्दा असा होता की विहीर चार घरांची, येणारी सून याच घरांतल्या बायकांबरोबर पाणी काढणार, तेव्हा त्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं. तिन्ही घरांनी मुलगी न बघताच एकमताने होकार दिला आणि मगच पुण्याला पत्र आलं. "माझ्या मुलीला चार घरांनी मिळून पसंत केलं," असं आमच्या सासूबाई चारचौघांत सांगत असत. त्यात तक्रार किती आणि अभिमान किती, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

सिंगापूरला आम्ही तोआ पायोहमधल्या एकाच ब्लॉकमध्ये राहत होतो. नवव्या मजल्यावर मी, माझी बायको आणि मुलगी. अकराव्यावर साडू आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मी आंग मो किओच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत असे, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं यापलीकडे काही नाही. साडूंचं काम मात्र जगावेगळं होतं. तरुणपणी ते मुंबईच्या कस्टममध्ये होते. तिथून वाटा बदलत बदलत ते सल्लागार झाले, आणि सल्लागार तरी कुणाचे, तर एकमेकांना खेटून असलेल्या चार छोट्या देशांचे. या चौघांची एका बड्या देशाशी व्यापाराची बोलणी वर्षानुवर्षं चालली होती. एकेकट्याने बोलायला गेलं तर बडा देश चहा पाजून परत पाठवतो, हे चौघांना दोनचार चहांनंतर कळलं, म्हणून त्यांनी एकत्र बोलायचं ठरवलं आणि चौघांत मिळून एक माणूस नेमला. चौघांना चौघांशी बांधून ठेवणं, एवढंच साडूंचं काम होतं. आणि माणसाचा धंदा त्याच्या अंगात मुरतो म्हणतात, तसा हा धंदा साडूंच्या अंगात इतका मुरला होता की कधीकधी वाटे, साडू मुरले आहेत आणि धंदा वर तरंगतोय.

कस्टममध्ये प्रत्येक मालाला एक प्रकरण असतं, त्या प्रकरणाला आकडा असतो, आणि साडूंच्या दृष्टीने जगात दुसरी कुठलीही नावं नव्हती. जेवताना ते "जरा विसावं वाढा" म्हणाले की लोणचं वाढायचं. पापड एकोणिसाव्या प्रकरणात आणि लोणचं विसाव्यात, म्हणूनच आपल्या पूर्वजांनी ती ताटात शेजारी शेजारी ठेवली, असं त्यांचं म्हणणं होतं. "आणि मीठ?" असं मी एकदा खवचटपणे विचारलं. मीठ पंचविसावं, पण ते ताटात पहिलं. साडूंनी घास खाली ठेवला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मिठाला खास सवलत आहे."

दुसरी सवय कंसांची. देशादेशांच्या करारात ज्या शब्दावर सगळ्यांचं एकमत झालेलं नसतं, तो शब्द चौकोनी कंसात ठेवतात. एकमत झालं की कंस पुसायचे. ही पद्धत साडूंनी घरात आणली. दोन्ही घरांची भाजी एकत्र आणायची असल्यामुळे यादी आमच्या फ्रिजवर लावलेली असे, आणि त्या यादीत दुधी हा पदार्थ सहा वर्षं चौकोनी कंसात होता, कारण त्याला माझा विरोध होता. साडूंना स्वतःला दुधी अतिशय आवडे. पण कंस काढल्याशिवाय दुधी घरात येणार नाही, हा नियम त्यांनीच केलेला होता, आणि तो त्यांनी सहा वर्षं पाळला. माझ्या बायकोने एकदा गुपचूप दुधी आणून कोफ्ते केले. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. साडूंनी ताटातल्या कोफ्त्यांकडे बघून विचारलं, "यावर एकमत कधी झालं?" आणि वरणभात खाऊन उठले.

पण सगळ्यांत कसोटी बघणारी सवय होती ती ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईतली. दर रविवारी सकाळी आम्ही पाचजण खाली खायला जात असू. सिंगापूरची रीत अशी, की आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, म्हणजे टेबल आपलं झालं, आणि मग ज्याने त्याने आपापल्या रांगेत उभं राहायचं. इथपर्यंत साडूंना मान्य होतं. त्यांचा नियम त्यापुढे सुरू होई: पाचही ट्रे येईपर्यंत कुणीही बसायचं नाही. ज्याचा ट्रे आधी येईल त्याने तो हातात धरून टेबलाशेजारी उभं राहायचं. माझी मुलगी हमखास सगळ्यांत लांब रांग निवडी. मग आम्ही चार मोठी माणसं वाफाळते ट्रे घेऊन, चार बाजूंना, मोकळ्या टेबलाभोवती पहाऱ्यावर असल्यासारखी उभी. टेबलं पुसणारे एक वयस्कर चिनी गृहस्थ होते, ते दर रविवारी फडकं खांद्यावर टाकून विचारत, "अंकल, यू सिटिंग ऑर नॉट?" साडू गंभीरपणे म्हणत, "वन मोअर कमिंग." दोनदा तर दुसऱ्याच लोकांनी आमचं टिश्यूचं पाकीट बाजूला सारून टेबल घेतलं. मुलगी पाय आपटत म्हणाली, "काका, कॅनॉट लाइक दॅट लाह! नूडल्स ऑलरेडी कोल्ड!" साडू तिला म्हणाले, "बाळा, पहिला बसला की त्याला भूक लागते. भूक लागली की तो खातो. आणि खाणाऱ्याला उरलेल्या चौघांची आठवण राहत नाही. मी हे मोठमोठ्या हॉटेलांत बघितलंय."

बोलणी गुप्त असत, म्हणून साडू घरात कुठल्याच देशाचं नाव घेत नसत. त्यांनी चौघांना टोपणनावं दिली होती: थोरल्या जाऊबाई, मधल्या दोघी आणि धाकटी. बडा देश म्हणजे अर्थातच सासूबाई. लिफ्टमध्ये फोनवर त्यांचं चाले, "थोरल्या तयार आहेत हो, मधल्या दोघींचं अजून माशांवरून वाजतंय. सासूबाईंचं काय, त्या गोड बोलतायत म्हणजे काहीतरी शिजतंय." मरीन परेडच्या एक मराठी बाई आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. लिफ्टमध्ये हे सगळं ऐकून त्या वर आल्या आणि त्यांनी ताईंचा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणलं.

त्या वर्षी खऱ्या सासूबाई, म्हणजे साडूंच्या आणि माझ्या सामायिक, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. कुणाचा गैरसमज नको म्हणून साडूंनी त्यांना पहिल्याच दिवशी सगळा खुलासा केला: फोनवर सासूबाई म्हटलं की तो एक देश समजायचा. सासूबाई अजिबात रागावल्या नाहीत. उलट त्यांना ते पद आवडलं. "मग माझी बाजू कोण मांडतंय तुमच्यात?" असं त्यांनी विचारलं, आणि त्या दिवसापासून त्या बड्या देशाच्या वतीने बोलू लागल्या. साडूंनी काही सांगितलं की त्या पोळी लाटता लाटता म्हणत, "छे! मी हे मान्य करणार नाही." साडू वहीत लिहून घेत. माझं तर मत आहे की बड्या देशाच्या प्रतिनिधींपेक्षा आमच्या सासूबाईंशी वाटाघाटी करणं त्यांना जास्त जड जात होतं.

तेव्हा सगळा घोळ काजूवर येऊन अडला होता. धाकट्या जाऊबाईंचा देश डोंगराळ, चौघांत सगळ्यांत लहान. तिथे कच्चा काजू पुरेसा पिकत नाही, तो शेजारून, मधल्या दोघींपैकी एकीच्या देशातून येतो. गावोगावच्या बायका तो फोडतात, सोलतात, निवडतात आणि पाकिटांत भरतात. आता ते पाकीट कुणाचं? बडा देश म्हणे, काजू शेजारचा आहे, तेव्हा पाकीट तुमचं नाही, पूर्ण आयातकर लागेल. चौघांचं म्हणणं, आमच्या चौघांपैकी कुणाचाही कच्चा माल हा चौघांचाच माल धरा. पाच ओळींचं कलम. ते तीन वर्षं चौकोनी कंसात पडून होतं. या खेपेला कंस निघाले नाहीत तर कलम वगळून करार उरकायचा, असं ठरत आलं होतं, आणि कलम गेलं असतं तर धाकटीच्या गावांतली ती काजूची केंद्रं बंद पडली असती. साडू एरवी कुठल्याच मालाबद्दल हळवे होत नसत. पण वेंगुर्ल्याला त्यांची आई दुसऱ्याच्या कारखान्यात काजू फोडायला जात असे. काजूच्या टरफलाचं तेल बोटांना लागतं, कातडी काळी पडते आणि सोलवटते. "आईने मला भरवलं ते काळ्या बोटांनी," असं ते एकदाच मला म्हणाले होते, आणि लगेच प्रकरण आठ, प्रकरण आठ असं पुटपुटत चष्मा पुसायला लागले होते.

शेवटची फेरी सिंगापुरातच होती. तिच्या आदल्या रविवारी साडूंनी चारही प्रतिनिधींना घरी जेवायला बोलावलं. थोरल्या जाऊबाई म्हणजे टक्कल पडलेले, सहा फूट उंच, बाटिकचा शर्ट घातलेले एक गृहस्थ निघाले. मधल्या दोघी म्हणजे दोन चष्मेवाले पुरुष. दाराबाहेर बूट काढतानाच त्यांचं भांडण सुरू झालं होतं. धाकटी तेवढी खरंच बाई होती. चाळिशीतली, बारकीशी, आणि तिच्या देशाचं अख्खं शिष्टमंडळ म्हणजे ती एकटी. सगळ्या फायली एका चाकाच्या बॅगेत भरून ती बॅग ओढत ओढतच ती जेवायला आली होती. साडूंनी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. ताईंनी शेवटचं ताट आणून ठेवेपर्यंत कुणी बसलं नाही, आणि गंमत म्हणजे कुणालाही त्यात नवल वाटलं नाही. साडूंनी त्यांना आधीच वळण लावलं होतं.

जेवताना तिघं मनसोक्त भांडले. साडू मधे पडले नाहीत. "घरात भांडू द्या. दार उघडलं की एक आवाज," ते मला हळूच म्हणाले. धाकटी मात्र त्यात पडली नाही. ताईंनी काजूची उसळ केली होती. धाकटीने वाटीतला एक अख्खा काजू चमच्यावर घेतला, उलटापालटा करून बघितला आणि इंग्रजीत म्हणाली, "हा हाताने फोडलेला आहे. मशीनने फोडला की टोकाला ओरखडा पडतो. माझी आई अजून फोडते." मग तिने सासूबाईंकडे बघून आपली बोटं पसरली आणि त्यांवरून दुसऱ्या हाताने काळं फासल्यासारखं दाखवलं. साडू उठले आणि उगाचच पाणी आणायला आत गेले. टेबलावर पाण्याचे दोन तांबे भरलेले होते.

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण माणसं त्यांना कुठल्याही भाषेत वाचता येत. जेवणं झाल्यावर त्या धाकटीशेजारी सोफ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, हिला विचारा, तिकडच्यांनी हिला बाजूला बोलावलंय ना?"

मी विचारलं. धाकटीचा चेहरा उतरला. बडा देश तिला म्हणाला होता, तुझे काजू आम्ही दहा वर्षं बिनकराचे घेतो, कच्चा माल कुठलाही असो. तू फक्त त्या कलमाचा आग्रह सोड. बाकी तिघांना तिने अजून सांगितलं नव्हतं. तिच्या एकटीपुरतं बघितलं तर सौदा सोन्यासारखा होता. आमचं हे बोलणं चाललं होतं तेव्हा ते तिघं गॅलरीत माशांवरून वाद घालत होते.

"बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "मीही हेच केलं असतं. धाकटीलाच फोडतात. तिला सांगा, आम्ही घरात चार जावा होतो. सणाला सगळ्यांना सारखी लुगडी मिळाली पाहिजेत म्हणून चौघी अडून बसलो. सासूबाईंनी मला माजघरात बोलावलं आणि माझ्या एकटीच्या हातात हिरवी रेशमी साडी ठेवली. धाकटी मीच. मी घेतली."

मी भाषांतर केलं. साडीला रेशमी वस्त्र म्हणू की भेट म्हणू, असं करत कसंबसं तिच्यापर्यंत पोचवलं. धाकटीने विचारलं, "मग आजींनी ती नेसली का?"

"घडीसुद्धा मोडली नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिघी एक शब्द बोलल्या नाहीत मला. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. हिला सांगा, घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. घरी लेकरंबाळं असतील, घ्यायचं तर घे. पण चौघींच्या देखत घे. माजघरात घेऊ नकोस."

हे भाषांतर मात्र माझ्या तोंडून लवकर फुटेना. याचं कारण सांगायला हवं. इथे कायम राहायचं, पीआर घ्यायची, असं आम्ही दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं, आणि अर्ज वेगळे असले तरी एकाच दिवशी करायचे, असं साडूंनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. तो दिवस काही ठरत नव्हता. कधी ताईंची कागदपत्रं पुण्याला अडकलेली, कधी साडू एखाद्या जाऊबाईंच्या राजधानीत. मग एक दिवस आमच्या ऑफिसातल्या बाईंनी माझा अर्ज भरूनच समोर ठेवला आणि "सही करा, हीच वेळ चांगली आहे" म्हणाल्या. मी केली. अकराव्या मजल्यावर काही सांगितलं नाही. आधी सांगू म्हटलं, मग मंजूर झाल्यावर सांगू म्हटलं. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी पेढे घेऊन वर गेलो. साडूंनी पेढा घेतला, अर्धा ताईंना दिला आणि म्हणाले, "अभिनंदन. छान झालं." पुढच्या महिन्यात त्यांनी त्यांचा अर्ज केला. त्याला दोन ओळींचा नकार आला. बरोबरीने केला असता तरी तो नाकारला गेलाच असता; त्यांचं वय, त्यांची ती चार देशांची विचित्र नोकरी, हे सगळं त्यांनाही माहीत होतं. प्रश्न तो नव्हताच. त्यानंतरच्या रविवारीही ते ट्रे हातात घेऊन माझी वाट बघत उभेच होते.

"काय हो, अडलात कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "सांगा की तिला."

मी सांगितलं. धाकटीने मान खाली घालून ऐकलं आणि बॅगेची चेन उगाचच उघडली, लावली.

त्या फेरीच्या शेवटच्या दिवशी काय झालं ते मी बघितलेलं नाही. साडूंकडून मी ते किमान वीस वेळा ऐकलंय, आणि दर वेळी त्यातली मिनिटं वाढत गेली आहेत, तेव्हा बेतानेच सांगतो. हॉटेलच्या मोठ्या दालनात त्या कलमाचा निकाल लागायचा होता, आणि नेमकं त्याच वेळेला बड्या देशाच्या एका अधिकाऱ्याने धाकटीला खालच्या मजल्यावर कॉफीला बोलावलं. ती एकटीच शिष्टमंडळ. दोन ठिकाणी असणार कशी? दालनात थोरल्या जाऊबाई आणि मधल्या दोघी आपापल्या खुर्च्यांपाशी आल्या, धाकटीची खुर्ची रिकामी दिसली, आणि तिघंही फायली हातात धरून उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, बसा. थोरले म्हणाले, "आमच्या एक सहकारी यायच्या आहेत." अध्यक्ष म्हणाले, आपण सुरुवात तर करू. थोरले म्हणाले, "जरूर. आम्ही उभ्याने ऐकतो." आता तीन देश उभे असताना समोरच्याने बसून बोलायचं म्हणजे वर्गात शिक्षा केल्यासारखं दिसतं. बड्या देशाचे लोक आधी अवघडले, मग एकेक करत तेही उभे राहिले. मागच्या रांगेत साडू, गुडघा दुखत असताना, उभे. साडूंना त्या दालनात तोंड उघडायची परवानगी नव्हती, पण उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्यांदा त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा ती बारा मिनिटं होती. आता चाळीस झाली आहेत.

मग दार उघडलं आणि बॅग ओढत धाकटी आली. तिच्या हातात एक कागद होता. उभ्या असलेल्या सगळ्यांकडे ती क्षणभर बघत राहिली. साडू म्हणतात, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती आपल्या खुर्चीकडे गेलीच नाही, तिघांसमोर टेबलावर कागद ठेवला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे मला एकटीला देऊ केलंय. तुम्ही वाचा, मग काय ते ठरवू." तिघांनी वाचलं. मधल्या दोघींचं पहिल्यांदाच एका शब्दावर एकमत झालं, आणि तो शब्द "नाही" असा होता. बड्या देशाला तो कागद परत घ्यावा लागला, आणि कागद परत घेताना बोलणं जरा मऊ करावं लागतं. संध्याकाळपर्यंत कलमाचे कंस निघाले. चौघांचा माल तो चौघांचा. सगळ्याच मालाला नाही लागू झालं ते, पण काजूला झालं.

साडूंनी पहिला फोन ताईंना केला नाही. सासूबाईंना केला. "सासूबाई, तुम्ही हरलात," एवढंच म्हणाले. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला कळलं. सासूबाईंनी डोळे पुसले आणि आम्हाला म्हणाल्या, "हरायलाच हवं होतं मला. चला, आज दुधी करू." मी त्या दिवशी फ्रिजवरच्या यादीतले दुधीचे कंस स्वतःच्या हाताने खोडले.

बोलणी फसली की सल्लागार लागतो. बोलणी यशस्वी झाली की लागत नाही. करारावर सह्या झाल्या आणि साडूंची नोकरी संपली. नोकरी संपली की इथे राहायचा कामाचा पास संपतो, आणि पास संपला की सामान बांधायचं. चार देशांनी त्यांचा मोठा सत्कार केला, थोरल्या जाऊबाईंनी बाटिकचा शर्ट दिला, पण इथे राहायची परवानगी देणं त्या चौघांच्या हातात नव्हतं. ज्यांच्या हातात होतं त्यांनी दोन ओळींत आधीच कळवलेलं होतं. साडूंनी वेंगुर्ल्याला जायचं ठरवलं. ताई कपाटं रिकामी करत होत्या आणि माझी बायको त्यांच्या हातातून वस्तू काढून परत कपाटात ठेवत होती, असा आठवडा गेला.

सासूबाई तोवर पुण्याला परतल्या होत्या. शेवटच्या रविवारी आम्ही पाचजण नेहमीसारखे खाली खायला गेलो. टिश्यूचं पाकीट ठेवलं, रांगा लागल्या. माझी आणि साडूंची रांग एकच होती, फिशबॉल नूडल्सची. मी गेले कित्येक दिवस बोलायचं म्हणत होतो. शेवटी म्हणालो, "साडूभाऊ, ते पीआरचं..."

"तुम्ही घेतलंत ते बरंच केलंत," ते रांगेत पुढे सरकत म्हणाले. "मुलीची शाळा आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही घेतलं असतं." मग स्टॉलवरच्या बाईने पुढे सरकवलेला ट्रे त्यांनी उचलला, त्यात काड्या-चमचे नीट मांडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फक्त आमच्या देखत घ्यायचं होतं."

आम्ही दोघं ट्रे घेऊन टेबलापाशी आलो आणि उभे राहिलो. मुलगी यायला अजून वेळ होता. टेबल पुसणाऱ्या अंकलनी काही विचारलं नाही. ते आमच्याकडे बघून हसले आणि शेजारचं टेबल पुसू लागले.

धाकट्या जाऊबाई दर नव्या वर्षाला साडूंना आपल्या देशातलं काजूचं पाकीट पाठवतात. वेंगुर्ल्याला काजू पाठवणारी जगातली ती एकमेव बाई असेल. साडू ते पाकीट आजूबाजूच्या तीन घरांत वाटतात आणि लोक ते मुकाट्याने घेतात, असं ताई फोनवर सांगतात. फोनवर साडूंशीही बोलणं होतं. मी काही विचारलं की ते "शेजाऱ्यांशी बोलून कळवतो" म्हणतात, आणि आठवड्याने खरंच कळवतात.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं खाली गेलो. पाकीट ठेवलं, तिघं तीन रांगांत उभे राहिलो. माझा ट्रे आला, बायकोचा आला, सगळ्यांत शेवटी मुलीचा आला. आम्ही तिघंही टेबलाभोवती ट्रे धरून उभे होतो. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. फडकं खांद्यावर टाकलेले अंकल आले आणि "यू सिटिंग ऑर नॉट?" म्हणाले. मुलीने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "बाबा, ऑल कम ऑलरेडी. हू वी वेटिंग फॉर?" मला उत्तर माहीत होतं, तिच्या आईलाही होतं. "वन मोअर," मी अंकलना म्हणालो, आणि नूडल्स गार होईपर्यंत आम्ही आणखी थोडा वेळ उभे राहिलो.